चढा सूर आणि आवाजांतली खरखर



दिवाळी उलटली, धान कापून झालें, कीं चांदा-गडचिरोलीकडील गांवांना नाटकाचे वेध लागतात. मोकळ्या झालेल्या बांधींत कनाती उभ्या राहतात, जमिनीवर तणस पसरली जाते, आणि रात्रीं दहाच्या सुमारास सुरू झालेलें नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालतें. झाडीपट्टीची ही रंगभूमि महाराष्ट्राच्या इतर भागांस आतां अपरिचित राहिलेली नाहीं. वडसा, म्हणजेच देसाईगंज, येथें तिच्या मंडळ्यांच्या कचेऱ्या आहेत; तिचे एक ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. परंतु आज मला नामांकित नटांविषयीं बोलावयाचें नाहीं. गडचिरोलीच्या पूर्वेस कठाणी नदीच्या अंगाला आमचा धानोरा तालुका आहे. तेथील जीं पोरें दिवसा शेतावर, दुकानांत किंवा गिरणीवर राबतात आणि हंगामांत हौसेनें गातात, त्यांच्या घशाविषयीं मी बोलणार आहें. गेलीं पुष्कळ वर्षें मी पेटी घेऊन त्यांच्या मागें बसत आलों आहें. पेटीवाल्यास गाणाऱ्याचें तोंड दिसत नाहीं, मान दिसते. आणि मानेच्या शिरा जें सांगतात तें तोंड सांगत नाहीं.

ह्या पोरांना दोन गोष्टी हव्या असतात. एक, आवाज चढा लागावा, इतका कीं कनातीबाहेर चहाच्या टपरीपाशीं उभ्या असलेल्या माणसानेंही मान वळवावी. दुसरी, त्या आवाजांत खरखर असावी; तो गुळगुळीत नसावा, त्याला दांते असावेत. ही दुसरी आवड नवी आहे असें कित्येकांस वाटतें. मोबाइलवर विलायती रॉक ऐकून पोरें बिघडलीं, अशी तक्रार मीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. पण आमच्या खडी गंमतींतला शाहीर डफावर थाप मारून जो पहिला सूर फेकतो, तो काय रेशमासारखा मऊ असतो? शाहीर अमर शेख यांच्या ज्या आवाजानें संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींतल्या सभा हलविल्या, त्याला कोणी गोड म्हणून नांवाजलें नाहीं. पहाडी म्हणूनच नांवाजलें. मुंबईस १९८६ सालीं सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक ह्या मेळाव्यांत जीं पोरें गळा फाडून गात, त्यांची भूक आणि आमच्या शाहिराची भूक एकाच जातीची. मला तींत वावगें कांहींच दिसत नाहीं. तक्रार आहे ती भूक भागविण्याच्या रीतीविषयीं.

गेल्या सालची गोष्ट सांगतों. धानाच्या गिरणीवर कामाला असलेला बाविशीचा एक पोरगा आमच्या गांवच्या नाटकांत नायकाचें काम करीत होता. नाटक नसे त्या संध्याकाळीं तो गिटारवाल्या मित्राबरोबर इंग्रजी गाणीं म्हणे. आवाज खरोखरच चांगला. माघांत एके सकाळीं तो माझ्या ओसरीवर येऊन बसला आणि कुजबुजल्यासारखा म्हणाला, "काकाजी, वरचा सूर लागूनच नाही राहिला."

मीं त्याला आठ दिवस मौन धरावयास सांगितलें. तो नुसता हंसला. पुढच्या आठ दिवसांत दोन प्रयोग होते, गांवानें वर्गणी गोळा केली होती, पाव्हण्यांना निरोप गेले होते. "आता नाही म्हणलं तर गावाचं नाव जाते, काकाजी." ह्यावर मला उत्तर सुचलें नाहीं, कारण त्याच वयांत, तसल्याच रात्रीं, मींही तेंच केलें होतें. म्हणूनच तर मी आज गात नाहीं, पेटी वाजवतों. दोन्ही प्रयोग त्यानें केले. त्यानंतर पोळ्यापर्यंत त्याचा वरचा आवाज परत आला नाहीं. तपासणाऱ्या डॉक्टरांनीं स्वरतंतूंवर गांठी आल्याचें सांगितलें.

आतां ह्या गांठी येतात कशा, तें पाहूं. कंठमण्याच्या मागें घशांत दोन नाजूक घड्या समोरासमोर असतात. त्यांसच आपण स्वरतंतू म्हणतों. पुरुषांत त्यांची लांबी सुमारें १७ ते २५ मिलिमीटर, म्हणजे पेटीच्या एका पांढऱ्या पट्टीच्या रुंदीएवढीच. मानुएल गार्सिया नांवाच्या स्पॅनिश गायनशिक्षकानें १८५४ सालीं लहान आरशाच्या साहाय्यानें स्वतःचे स्वरतंतू गातांना पाहिले. तोंवर गवयांनीं हजारों वर्षें हें वाद्य न पाहतांच वाजविलें होतें. खालून श्वास येतो, घड्या एकमेकींवर आपटतात, उघडतात, पुनः आपटतात. आजच्या प्रमाणानें जुळविलेल्या पेटीवर काळी एकचा मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारें १३९ आपट्या, तार षड्ज म्हणजे २७७. काळी चार धरली, तर मध्य षड्जच २०८ वर जातो, पंचम ३११ वर आणि तार षड्ज ४१५ वर. तार षड्जावर दहा सेकंद ठिय्या दिला कीं चार हजारांवर आपट्या झाल्या. हळुवार आपटल्या तर कांहीं बिघडत नाहीं. पण जोर लावून आपटल्या, आणि त्याही रात्रीमागून रात्र, तर कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला जसे घट्टे पडतात तसे तेथेंही पडतात. तळहाताच्या घट्ट्यानें काम सोपें होतें. स्वरतंतूवरच्या घट्ट्यानें कडा नीट मिटत नाहीं, फटींतून वारा निसटतो, आणि सर्वांत आधीं जातो तो बारीक, चढा सूर.

काळी चारच कां घेतली, असें विचारा; उत्तर ठरलेलें असतें. अमका काळी चारमध्यें गात असे, तमका काळी पांचमध्यें. जुन्या संगीत नाटकांतील पुरुष चढ्या पट्टींत गात ही गोष्ट खरी. केशवराव भोसले यांच्या आवाजाची चढाई आजही वृद्धांच्या तोंडीं आहे, आणि ते १९२१ सालींच निवर्तले. म्हणजे ही कीर्ति ऐकिवांत ऐकिवांत शंभर वर्षें चालत आली. परंतु त्या काळीं माईक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोंचवावयाचा, तर पट्टी चढविणें हा एक खात्रीचा उपाय होता, कारण माणसाचा कान खालच्या सुरांपेक्षां वरच्या सुरांस अधिक तिखट असतो. ती त्या काळची गरज होती. आज माईक आहे. गरज गेली आणि मिरवणें तेवढें राहिलें.

पुरुषाच्या आवाजांत एक सांधा असतो. साधारणपणें सेकंदाला २९० ते ३५० कंपनांच्या टापूंत तो येतो. त्याच्या खालीं स्वरतंतू आंखूड व जाड राहून भरदार बोलतात. त्याच्या वर त्यांना लांब व पातळ व्हावें लागतें. ह्या दोन कामांसाठीं दोन निरनिराळे स्नायू आहेत, आणि सांध्यावर एकानें दुसऱ्याच्या हातीं कासरा द्यावयाचा असतो. आतां मघांचे आंकडे आठवा. काळी चारमध्यें पंचम नेमका ह्या सांध्यावर पडतो, आणि धैवतापासून पुढचें सारें गाणें सांध्याच्या वर. आमचीं पोरें कासरा सोडीत नाहींत. जाड आवाज तसाच वर ओढीत नेतात. मग मान फुगते, हनुवटी वर जाते, कंठमणी जबड्याखालीं जाऊन बसतो. ऐकणाऱ्यांना वाटतें, काय ताकद आहे! मागें पेटीवर बसलेल्याला कळतें, कीं ही रात्र महाग पडणार.

तेव्हां माझा पहिला सल्ला पुष्कळांना रुचत नाहीं, तो असा, कीं पट्टी उतरा. काळी एकमध्यें सांधा तार षड्जाच्या वर, ऋषभ-गांधारापाशीं येतो. पदाचा बहुतेक भाग त्याच्या खालींच राहतो, आणि ज्या दोन-तीन जागांवर टाळी घ्यावयाची त्या तेवढ्या वर येतात. गंमत अशी, कीं काळी चारचा तार षड्ज आणि काळी एकचा तार पंचम हा एकच सूर आहे, ४१५ कंपनांचाच. सूर तोच मिळतो, पण तेथें रात्रभर मुक्काम करावा लागत नाहीं, जाऊन परत येतां येतें.

दुसरी गोष्ट सांधा ओलांडण्याची. तो खालून वर ढकलून ओलांडतां येत नाहीं असें नाहीं. पण शिकावयाचा तो वरून खालीं. सकाळीं, जेवणाआधीं, वरच्या पातळ आवाजांत हळूच ऊकार लावावा, अगदीं पाळण्यापाशीं लावावा तसा, आणि तेथून घसरत खालीं यावें. सांध्यावर आवाज तुटेल, तुटूं द्यावा. लाजूं नये. महिना-दीड महिन्यांत ती तूट बुजूं लागते, आणि एके दिवशीं आपण कोठें ओलांडलें हें कळेनासें होतें. वर जातांना आकार ताठ उघडा ठेवूं नये, थोडा ओकाराकडे झुकवावा. तोंड जितकें फाकतें तितका सूर मोठा होतो ही समजूत खरी नाहीं. आणि श्वास? पोरें छाती फुगवून सारा वारा एका दमांत सोडतात. वरच्या सुराला वारा थोडाच लागतो. बरगड्या पसरलेल्या ठेवून तो राखून सोडावयाचा असतो.

ह्या कामीं एक साधन फार उपयोगी आहे आणि त्याला पैसा लागत नाहीं. शीतपेयाची नळी ओठांत धरून तिचें दुसरें टोंक पेलाभर पाण्यांत दोन बोटें बुडवावें आणि बुडबुडे काढीत सूर म्हणावा. नळीमुळें तोंडांत जो दाब सांठतो तो स्वरतंतूंना वरून आधार देतो आणि त्यांच्या आपट्या मऊ होतात. अमेरिकेंतील आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनीं ह्या नळीच्या व्यायामाचा अभ्यास करून त्याचा पुष्कळ प्रसार केला. प्रथम मीं हें सांगितलें तेव्हां पोरें हंसलीं होतीं. आतां नाटकाआधीं रंगपटांत चार-पांच पेले मांडलेले दिसतात.

आतां खरखरीकडे वळूं. येथें सर्वांत मोठा गैरसमज आहे. पोरांना वाटतें, घसा खरवडला कीं खरखर येते. येते खरी, पण ती जखमेची खरखर. ती हवी तेव्हां थांबत नाहीं. जी खरखर हवी तेव्हां आणतां येते आणि नको तेव्हां काढून ठेवतां येते, ती स्वरतंतूंची नसतेच. स्वरतंतूंच्या किंचित् वर आणखी दोन घड्या असतात, जाड आणि बोथट. त्यांस कूट स्वरतंतू म्हणूं. धानाचें पोतें उचलतांना आपण "हुं" करून श्वास कोंडतों, तेव्हां ह्या घड्या जवळ येतात. मध्य आशियांतील तुवा प्रांताचे गायक आपल्या खर्जाच्या गायनांत ह्याच घड्या हालवितात. त्यांच्यावर झालेल्या संशोधनांत असें दिसून आलें, कीं खालचे खरे स्वरतंतू दोनदां हालतात तेव्हां ह्या वरच्या घड्या एकदां हालतात, आणि म्हणून एक सप्तक खालचा दुसरा सूर ऐकूं येतो. लुई आर्मस्ट्राँगसारख्यांच्या गुरगुरीच्या शैलींत त्याहूनही वरच्या, कंठाच्या तोंडाशीं असलेल्या घड्या थरथरतात. सारांश, खालीं सूर निर्मळच वाजत राहतो. खरखर ही वरून घातलेली फोडणी.

ही विद्या विलायतेंतही लोक ठेचा खाऊनच शिकले. एरोस्मिथ ह्या अमेरिकन मंडळीचा गायक स्टीव्हन टायलर चढ्या आणि खरखरीत आवाजासाठीं जगभर प्रसिद्ध. २००६ सालीं त्याच्या घशावर शस्त्रक्रिया झाली. २०२३ च्या सप्टेंबरांत गातांना पुनः इजा झाली. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्यें, आवाज पूर्ववत् होणें शक्य नाहीं असें सांगून त्या मंडळीनें दौरे कायमचे बंद केले. उलट न्यूयॉर्कमध्यें मेलिसा क्रॉस ह्या बाईंनीं ओरडून गाणाऱ्यांना इजा न होतां कसें ओरडावें हेंच शिकविण्याचा व्यवसाय केला, आणि २००५ सालीं त्याची चित्रफीतही काढली. ज्या गायनाला संभावित लोक गायनच म्हणत नाहींत, त्यालाही रियाज लागतो, हें पाहून मला मोठें समाधान वाटलें होतें.

शिकवितांना मी असें करतों. आधीं खालच्या, आरामाच्या सुरावर साधा आकार, बोलण्याहून मोठा नाहीं. मग पोतें उचलतांनाची ती पकड आठवून, अगदीं हलकी, तिची नुसती सावली त्या आकारावर पडूं द्यावी. दाराची कडी खुळखुळावी तसा आवाज आला कीं झालें. दोन सेकंद, मग सोडून पुनः निर्मळ आकार. वारा वाढवावयाचा नाहीं, मोठ्यानें करावयाचें नाहीं. मोठेपणा देण्याचें काम माईकचें. दिवसाला पांच-दहा मिनिटें पुरेत. घशांत गुदगुल्या झाल्या, खोकला आला, खवखवलें, कीं त्या दिवशींचें काम संपलें. वरच्या सुरांवर ही खरखर नेण्याची वेळ कित्येक महिन्यांनीं येते. ज्याला निर्मळ सूर लागत नाहीं त्यानें त्यावर फोडणी घालूं नये. करपलेली भाजी फोडणीनें सुधारत नाहीं.

पण रियाज कितीही झाला तरी हंगाम हा हंगामच. आमच्याकडे माईक बहुधा रंगमंचावर वरून टांगलेले असतात. माईकपासून तोंडाचें अंतर दुप्पट झालें कीं पोंचणारा आवाज सहा डेसिबलनें घटतो. तो भरून काढावयास गाणारा ओरडतो. त्यांत मागें ऑर्गन, ढोलक, आणि अलीकडे ऑक्टोपॅड. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकूं येईनासा झाला, कीं माणूस नकळत चढ्यानें बोलतो. एत्येन लोंबार ह्या फ्रेंच डॉक्टरानें ही गोष्ट १९११ सालींच दाखवून दिली. म्हणून मी मंडळांना विनवितों, कीं पडद्यांवर चार पैसे कमी खर्च करा, पण गाणाऱ्याच्या पायाशीं त्याचा आवाज त्याला ऐकविणारा एक लहान कर्णा ठेवा. विनंतीचा उपयोग अजून थोडाच झाला आहे. पडदा वर्गणीदारांना दिसतो, कर्णा दिसत नाहीं.

आणि खर्रा. तो आमच्या जिल्ह्याचा जुना रोग आहे. धानोरा तालुक्यांतच चातगांवजवळ शोधग्रामांत ज्यांचें काम चालतें, त्या सर्च संस्थेनें शासन व टाटा ट्रस्ट यांच्यासह २०१६ पासून दारू-तंबाखूविरुद्ध मुक्तिपथाची मोहीम चालविली, ती उगीच नव्हे. रात्र जागावयाची म्हणून रंगपटांत खर्रा घोटला जातो; तोंड आणि घसा कोरडा व चरचरता होतो, आणि कोरड्या पडलेल्या घड्या आपटतात. कर्करोगाची भीति घातली तर बाविशींतलें पोर ऐकत नाहीं. वरचा षड्ज जाईल म्हटलें तर कांहीं ऐकतात, असा माझा अनुभव आहे. ज्येष्ठमध, खडीसाखर, आल्याचा रस यांवर पोरांची फार श्रद्धा. चघळूं देतों, कारण लाळ सुटते. पण जें आपण गिळतों तें अन्ननलिकेंतून जातें, स्वरतंतूंस त्याचा स्पर्शही होत नाहीं. पाणी दिवसभर थोडें थोडें प्यावें. शरीर तें आपल्या रीतीनें तेथवर पोंचवितें. पहांटेच्या थंडींत प्रयोग संपतांच शेकोटीच्या धुरांत बसून मोठमोठ्यानें गप्पा मारणें, हें तर गाण्याहूनही वाईट.

घशाला सूज आली कीं नाहीं हें ओळखण्याची एक कसोटी डॉक्टर लोक वापरतात, ती प्रत्येक गाणाऱ्यानें रोज सकाळीं करावी. एखाद्या ओळखीच्या गाण्याची ओळ वरच्या सुरांत, जितकी हळू म्हणतां येईल तितकी हळू म्हणावी. मोठ्यानें म्हटल्यास सूज लपते. हळू म्हणतांना लपत नाहीं. सूर उशिरां उमटला, आधीं नुसता वारा आला, काल लागलेली जागा आज लागली नाहीं, तर त्या दिवशीं गाऊं नये, बोलूंही थोडेंच. कुजबुजूं मात्र नये. ताणून कुजबुजण्यानेंही घशावर जोर पडतो. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांस दाखविलेंच पाहिजे.

त्या गिरणीवरच्या पोराचें काय झालें, हें आपण विचाराल. गांठी मऊ होत्या. शस्त्रक्रिया लागली नाहीं. दोन महिने त्यानें बोलणें अर्ध्यावर आणलें, खर्रा सोडला, पुनः धरला, पुनः सोडला. आखाडभर नळी आणि पेला. पोळ्यानंतर ऊकाराची घसरगुंडी, प्रथम चार सुरांची, मग सहांची. तुटलेली जागा अजून पुरती बुजलेली नाहीं, आणि खरखरीला मीं त्याला अद्याप हात लावूं दिलेला नाहीं. त्यावरून तो माझ्यावर रागावलेलाही आहे. यंदाच्या नाटकांत त्याला नायकाचें काम मिळालें नाहीं. दुसऱ्या अंकांत एकच पद आहे.

परवां तालमीला तो आला. मीं संवयीनें काळी चारवर बोट ठेवलें. त्यानें कांहीं न बोलतां भाता माझ्याकडेच ठेवून पेटी जराशी आपल्याकडे वळविली, काळी एकची पट्टी दाबली, आणि म्हणाला, "सोडा सूर, काकाजी."